सुई टोचल्यानंतर हिपॅटायटिस सी: कोणती तपासणी, कोणत्या दिवशी आणि रिपोर्ट कसा वाचायचा

दवाखान्यात कुणाला सुई टोचली की सगळ्यांच्या तोंडी आधी एकच प्रश्न येतो: पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे का? प्रश्न रास्तच आहे, कारण एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या वेळेत सुरू कराव्या लागतात. पण पेशंटचा एचआयव्ही निगेटिव्ह आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, सिस्टर पुन्हा ड्यूटीला लागतात आणि रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचं नाव कुणी काढत नाही. फार तर ‘व्हायरल मार्कर’ म्हणून त्याच दिवशी एक कार्ड टेस्ट होते, ती नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, येते आणि फाईल बंद होते.

ती फाईल तिथे बंद करता येत नाही. टोचल्याच्या दिवशी काढलेल्या रक्तात त्या सुईतून आलेला हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडूच शकत नाही. त्या दिवसाचा रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की टोचण्याआधी तुम्हाला हा आजार होता की नव्हता. त्या सुईने काही केलं का, हे कळायला पुढे आणखी दोनदा रक्त द्यावं लागतं: एकदा तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान आणि एकदा चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान. माझा सगळा आग्रह या दोन तारखांसाठी आहे. बाकीच्या पायऱ्याही क्रमाने सांगते, पण लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर त्या तारखा ठेवा.

हे लिहिताना डोळ्यांसमोर नर्स आणि इंटर्न आहेतच, पण लॅब आणि डायलिसिसचे टेक्निशियन, दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस, वॉर्डबॉय, कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या मावशी हेही आहेत. सुई टोचते ती अनेकदा यांनाच, आणि त्याची नोंद होत नाही तीही यांचीच.

आधी हात धुवा, मग बाकी सगळं

हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवा, पेशंट सुरक्षित आहे एवढं बघा आणि ग्लोव्ह काढा. टोचलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. एवढंच करायचं आहे. बोट दाबून रक्त काढू नका. त्याने विषाणू बाहेर येतो याला आधार नाही, उलट जखम वाढते. बोट तोंडात घालू नका. स्पिरिट, बीटाडीन, ब्लीच, डेटॉल यांपैकी काहीही त्यावर ओतू नका, कातडी भाजण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. रक्त डोळ्यांत उडालं असेल तर डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती ठेवूनच आधी डोळा धुवा, मग लेन्स काढा आणि पुन्हा धुवा. तोंडात उडालं असेल तर थुंकून टाका आणि चुळा भरा.

सुई पांढऱ्या शार्प्स डब्यात टाका. ती तपासायला पाठवायचा विचार काहींच्या मनात येतो. सुई तपासून काही खात्रीचं कळत नाही आणि ती हाताळताना दुसऱ्या कुणाला टोचू शकते. तपासायचा असतो तो माणूस: ज्याचं रक्त होतं तो आणि ज्याला टोचलं तो.

त्याच तासात सांगा आणि लिहून ठेवा

इन्चार्ज सिस्टर, ड्यूटीवरचे डॉक्टर किंवा इन्फेक्शन कंट्रोल नर्स, जे कुणी असेल त्यांना लगेच सांगा. रात्रपाळी असेल तर सकाळची वाट पाहू नका. मोठ्या रुग्णालयांत यासाठी छापील फॉर्म असतो. दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये तो नसेल तर साध्या कागदावर लिहा. त्यात तारीख आणि वेळ, कोणतं काम करताना टोचलं, सुई कोणती होती (आयव्ही कॅन्युलाची, रक्त काढायची, इन्सुलिनची की टाके घालायची), सुई शिरेतून नुकतीच निघाली होती का, तिच्यावर रक्त दिसत होतं का, किती खोल गेली, हातात ग्लोव्ह होते का आणि पेशंटचा नोंदणी क्रमांक, एवढं हवं. खाली सही, जबाबदार व्यक्तीची सही, आणि त्या कागदाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये.

हे तपशील कोरडे वाटले तरी पुढचा धोका त्यावरूनच ठरतो. आतून पोकळ सुई, खोल टोचणं, दिसणारं रक्त आणि पेशंटच्या रक्तात विषाणूचं मोठं प्रमाण, या चार गोष्टींनी धोका वाढतो. टाक्यांची भरीव सुई ग्लोव्हमधून जरा खरचटून गेली असेल तर तो तुलनेने कमी.

नोंद न करण्याची कारणं मला माहीत आहेत. ‘माझीच चूक, कॅप परत लावायला गेले’ ही लाज असते. कंत्राटी मावशींना वाटतं की सांगितलं तर कामावरून काढतील. इंटर्नला वाटतं की सर ओरडतील. पण नोंद नसेल तर पुढे सहा महिन्यांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा तो कामावर झाला हे दाखवायला हातात काही राहत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा हाताळताना झालेल्या अपघातांची माहिती संस्थेने वार्षिक अहवालात द्यायची असते, म्हणजे मावशींना पिशवीतली सुई टोचली तर ती नोंद संस्थेचंच काम आहे. तुम्ही सांगून संस्थेला त्रास देत नाही आहात.

इथे दोन घड्याळं आधी बघायची

हिपॅटायटिस सीकडे वळण्याआधी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांचं बघावं लागतं, कारण त्यांच्यावर तातडीचं औषध आहे.

एचआयव्हीसाठी प्रतिबंधक गोळ्या, ज्यांना पीईपी म्हणतात, शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. त्या घ्यायच्या की नाही हे पेशंटची स्थिती आणि जखमेचं स्वरूप बघून डॉक्टर ठरवतात. गोळ्या सरकारी रुग्णालयांत, एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात मिळतात. रात्री कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा.

हिपॅटायटिस बीसाठी स्वतःचं लसीकरण तपासा. तीन डोस झाले असतील आणि नंतरच्या तपासणीत अँटिबॉडीची (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांची) पातळी १० किंवा त्याहून जास्त आली असेल तर काळजीचं कारण नाही. लस घेतलीच नसेल आणि पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही लागतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन २४ तासांत मिळालेलं उत्तम. आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि दवाखान्याचा कचरा हाताळणाऱ्यांना ही लस देणं वर उल्लेखलेल्या नियमांनुसार संस्थेवर बंधनकारक आहे. आजवर दिली नसेल तर आजच मागा.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, इम्युनोग्लोब्युलिन नाही आणि टोचल्यावर लगेच घ्यायची प्रतिबंधक गोळीही सुचवलेली नाही. अनेकांना हे ऐकून धक्का बसतो, म्हणून कारण सांगते. जुन्या पुस्तकांत पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचल्यास १.८ टक्के लोकांना लागण होते असा आकडा आहे. नंतरच्या मोठ्या नोंदींवरून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तो ०.२ टक्के असा दिला आहे, म्हणजे पाचशेत एक. तुलनेसाठी, एचआयव्हीचा धोका ०.३ टक्के आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के. पाचशे जणांना महागडी औषधं देऊन एकाची लागण टाळण्यापेक्षा त्या एकाला वेळेत शोधून बरं करणं शहाणपणाचं, असा हा हिशोब आहे. तो हिशोब बरोबर ठरतो तो मात्र शोधलं तरच. तपासणी टाळली तर तो एक माणूस सापडतच नाही.

पेशंटचं रक्त: इथेच बरेच प्रश्न सुटतात

पेशंट कोण हे माहीत असेल तर त्याची हिपॅटायटिस सी तपासणी ४८ तासांत व्हावी. विचारायला ज्याला टोचलं त्याने जाऊ नये; डॉक्टर किंवा इन्चार्जनी जावं. शब्द साधे असावेत: ‘काका, तुमचं रक्त काढताना आमच्या सिस्टरना सुई लागली. त्यांना औषध द्यायचं की नाही हे ठरवायला तुमच्या रक्ताच्या तीन तपासण्या करायच्या आहेत. त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे नाहीत. रिपोर्ट काय आला ते तुम्हालाही सांगू आणि बाहेर कुणाला कळणार नाही.’ असं विचारल्यावर नाही म्हणणारे थोडेच असतात. एचआयव्हीच्या तपासणीसाठी २०१७ च्या कायद्याप्रमाणे माहिती देऊन संमती घ्यावीच लागते. न सांगता जुन्या नमुन्यातून परस्पर टेस्ट लावणं चूक आहे. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या पेशंटला उपचारापर्यंत पोचवणं हे आपलं कर्तव्य आहे. त्याच्या रक्तातून आपल्याला माहिती मिळाली आणि त्याला मात्र काहीच कळलं नाही, असं होता कामा नये.

आता कोणती टेस्ट? इथे दोन वेगळ्या तपासण्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिली अँटिबॉडीची. कार्ड टेस्ट किंवा एलायझा म्हणून जी होते ती हीच. ती शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं शोधते. अँटिबॉडी म्हणजे पोलीस ठाण्यातली जुनी नोंद: माणूस येऊन गेल्याचं कळतं, आत्ता तो गावात आहे का ते कळत नाही. आजार पूर्ण बरा झाल्यावरही ती सहसा वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. शिवाय लागण झाल्यावर ती तयार व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त.

दुसरी आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याची. पीसीआर, व्हायरल लोड, जीनएक्सपर्ट, ट्रूनॅट या नावांनी ती ओळखली जाते. ही टेस्ट खुद्द विषाणू शोधते. लागण झाल्यावर एक ते दोन आठवड्यांत विषाणू रक्तात सापडू लागतो.

पेशंटसाठी शक्य असेल तर थेट आरएनए करावी. ते जमत नसेल तर अँटिबॉडी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर आरएनए. रक्त काढतानाच दोन नळ्या भरा, एक अँटिबॉडीसाठी आणि एक खास आरएनएसाठी, म्हणजे पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही आणि एकाच नळीतून अनेक चाचण्या केल्याने नमुन्यात दुसऱ्याचं रक्त मिसळण्याची भीती राहत नाही.

पेशंटची आरएनए निगेटिव्ह आली तर हिपॅटायटिस सीपुरतं तुमचं काम संपलं. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि आरएनए निगेटिव्ह असेल, म्हणजे जुना, बरा झालेला आजार असेल, तरीही संपलं. नुसती अँटिबॉडी निगेटिव्ह असेल तर बहुतेक वेळा संपलंच, पण काही पेशंटच्या बाबतीत मी त्यावर विसंबणार नाही: डायलिसिसवरचे, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, एचआयव्ही असलेले, आणि अलीकडच्या काळात इंजेक्शनने नशा करणारे. पहिल्या तिघांत अँटिबॉडी नीट तयार होत नाही, चौथ्याला लागण इतकी ताजी असू शकते की अँटिबॉडी अजून आलेलीच नाही. इथे आरएनएच हवी. थॅलसेमिया, हिमोफिलिया, वर्षानुवर्षं रक्त घेतलेले पेशंट यांच्या बाबतीतही सावध राहा. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची सक्तीची तपासणी आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला आली. त्याआधी रक्त घेतलेले पेशंट आजही वॉर्डात असतात.

पेशंटची आरएनए पॉझिटिव्ह आली, तो तपासणीला नाही म्हणाला, किंवा सुई कुणाची होती हेच माहीत नाही, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

तुमचं रक्त: तीन वेळा

समजा १० जूनला सुई टोचली. तारखा अशा पडतील:

- १२ जूनच्या आत: अँटिबॉडी टेस्ट (पॉझिटिव्ह आल्यास लगेच आरएनए), सोबत एसजीपीटी.
- १ जुलै ते २२ जुलै: आरएनए.
- १० ऑक्टोबर ते १० डिसेंबर: अँटिबॉडी टेस्ट (पॉझिटिव्ह आल्यास आरएनए).

पहिली तपासणी ४८ तासांत. हिचा उपयोग एकच: टोचण्याआधी तुम्ही निगेटिव्ह होतात याचा पुरावा. ती पॉझिटिव्ह आली तर ती लागण या सुईची नाही, आधीची आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट वेळेत कळलं म्हणून उपचार घेता येतील. एसजीपीटी ही यकृताची साधी, स्वस्त टेस्ट. पुढे ती वाढली तर तुलना करायला सुरुवातीचा आकडा लागतो.

दुसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकणारी. तीन आठवड्यांच्या आत घाई करू नका. पाचव्या दिवशी केलेली महागडी आरएनए निगेटिव्ह आली तरी तिला काही अर्थ नाही, आणि तिचा कागद हातात धरून माणूस निर्धास्त होतो, हे जास्त वाईट. सहा आठवड्यांच्या पुढेही ढकलू नका, कारण लागण झाली असेल तर ती लवकर सापडण्यातच फायदा आहे. इथे अँटिबॉडी टेस्ट पुरत नाही हे लॅबमध्ये ठामपणे सांगा. काउंटरवर ‘एचसीव्ही करायची आहे’ एवढंच म्हटलं तर कार्ड टेस्ट होते. ‘एचसीव्ही आरएनए’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या.

खर्च कुणाचा? कामावर टोचलं आहे, तर संस्थेचा, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते पहिल्या दिवशीच्या अर्जात लिहून मागावं. सरकारी बाजूने बघितलं तर २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिसची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तुमच्या जिल्ह्यात त्याचं केंद्र जिल्हा रुग्णालयात आहे की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, हे विचारून घ्या आणि तिथे ‘कामावर सुई टोचली आहे’ हे आधी सांगा.

आरएनए कुठेच जमली नाही तर काय? तालुक्याच्या ठिकाणी ही अडचण खरी आहे. तेव्हा चार ते सहा आठवड्यांनी एसजीपीटी, तीन महिन्यांनी अँटिबॉडी आणि सहा महिन्यांनी पुन्हा अँटिबॉडी, असा मार्ग डॉक्टरांशी बोलून धरा. उत्तर उशिरा मिळेल, पण मिळेल. एसजीपीटी मधेच चढली तर मात्र आरएनएसाठी जिल्ह्याला जायलाच हवं.

आरएनए निगेटिव्ह आल्यावर तिसरी तपासणी कशाला, असं बरेच जण विचारतात. नव्या लागणीत विषाणूचं प्रमाण वरखाली होतं. काही काळ ते इतकं उतरतं की टेस्टला सापडत नाही. तुमचं रक्त नेमकं त्या दिवसांत काढलं गेलं असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. चार ते सहा महिन्यांची अँटिबॉडी टेस्ट ही पळवाट बंद करते. तीही निगेटिव्ह आली की हिपॅटायटिस सीचा प्रश्न या सुईपुरता मिटला. पेशंटला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असतील तर मात्र डॉक्टर पाठपुरावा लांबवू शकतात, तो तसा लांबवावा.

परदेशात काम करणाऱ्यांना वेगळं वेळापत्रक सांगितलं जाईल. ब्रिटनमध्ये सहा आणि बारा आठवड्यांना आरएनए आणि बारा व चोवीस आठवड्यांना अँटिबॉडी असा रिवाज आहे. त्याने गोंधळू नका. जिथे काम करता तिथलं पाळा.

एक व्यवहाराची गोष्ट. एचआयव्हीसाठी सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा तपासण्या असतात. वरच्या उदाहरणात २२ जुलैला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची आरएनए एकदमच करता येते, १० सप्टेंबरला एचआयव्ही आणि १० डिसेंबरला उरलेलं सगळं. रजा कमी लागते आणि टोचवूनही कमी घ्यावं लागतं. या तारखा पहिल्याच दिवशी फोनमध्ये घाला आणि इन्चार्जच्या रजिस्टरमध्येही लिहायला सांगा.

रिपोर्टवरचे शब्द

अँटिबॉडीच्या रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे पॉझिटिव्ह, ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ म्हणजे निगेटिव्ह. आरएनएच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ लिहिलं असेल तर विषाणू सापडला नाही. आकडा असेल तर विषाणू आहे.

मधलं एक वाक्य फसवं असतं: ‘डिटेक्टेड, बिलो लोअर लिमिट ऑफ क्वांटिफिकेशन’. म्हणजे विषाणू सापडला आहे, फक्त इतका थोडा की यंत्राला मोजता आला नाही. हा रिपोर्ट निगेटिव्ह समजू नका. काही आठवड्यांनी आरएनए पुन्हा करा.

आरएनए पॉझिटिव्ह आणि अँटिबॉडी अजून निगेटिव्ह, असं दुसऱ्या तपासणीत येऊ शकतं. ही ताजी लागण. लॅबची चूक समजून सोडून देऊ नका. याउलट शेवटच्या तपासणीत अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि आरएनए निगेटिव्ह आली, तर बहुधा लागण होऊन शरीराने ती स्वतःच परतवली, किंवा अँटिबॉडीची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह आली. दोन्ही शक्यतांत डॉक्टरांना दाखवून आरएनए पुन्हा एकदा करून घ्यावी.

मधल्या सहा महिन्यांत घरी आणि कामावर

कामावर जा. ड्यूटी बदलायची गरज नाही, नेहमीची काळजी पुरते. घरात वेगळं ताट-वाटी, वेगळा पेला, मुलांना जवळ न घेणं, असलं काहीही करू नका. जेवणातून, मिठी मारल्याने, शिंकेतून हा आजार पसरत नाही. नवरा-बायकोच्या संबंधांत बदल करायला किंवा गरोदरपण पुढे ढकलायला या टोचण्यामुळे सांगितलेलं नाही. (एचआयव्हीचा प्रश्न अजून उघडा असेल तर त्याची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते.) बाळाला अंगावर पाजणंही चालू ठेवा, स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तर ते भरेपर्यंत थांबा. ब्लेड, रेझर, टूथब्रश, नेलकटर स्वतःचं स्वतःपाशी ठेवा. रक्तदान करू नका.

दारू टाळा. आणि कळकळीने सांगते, ‘खबरदारी म्हणून’ काविळीचं गावठी औषध घेऊ नका. काविळीवर पाला, नाकात घालायचा रस, गळ्यात घालायची माळ हे आपल्याकडे घरोघर सांगितलं जातं. हिपॅटायटिस सीच्या विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही, आणि काही जडीबुटींनी यकृताला खरोखर इजा होते. मग एसजीपीटी वाढली तर ती विषाणूने वाढली की औषधाने, हेही कळेनासं होतं.

बहुतेकांना ताज्या लागणीत काहीच लक्षण दिसत नाही, म्हणून ‘मला तर बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. पण ताप, विलक्षण थकवा, भूक मरणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं यांतलं काही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

झोप उडणं, सारखं बोट बघत बसणं, घरी कुणाला न सांगता एकटीने ओझं वाहणं, हे मी फार बघितलं आहे. एका माणसाला तरी सांगा. पाचशेत एक हा आकडा त्यांना सांगताना आपल्यालाही धीर येतो.

पॉझिटिव्ह आलाच तर

१९८९ मध्ये या विषाणूची ओळख पटली. त्यानंतर बराच काळ उपचार म्हणजे महिनोन्महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ताप, अंगदुखी, नैराश्य, आणि इतकं सोसून बरं होण्याची खात्री नाही. तो काळ गेला. आज सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर किंवा सोफोसबुविर आणि वेलपाटासविर या गोळ्या ८४ दिवस घेऊन ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. या विषाणूच्या शोधासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याचा थेट फायदा आज तुम्हाला आहे.

ताजी लागण झालेल्यांतल्या साधारण पाव लोकांचं शरीर उपचारांशिवाय विषाणू घालवतं. म्हणून पूर्वी सहा महिने वाट बघायचे. आता अनेक तज्ज्ञ वाट न बघता उपचार सुरू करायला सांगतात. तुमच्यासाठी काय योग्य हे यकृततज्ज्ञांशी बोलून ठरवा. उपचारांआधी तीन गोष्टी त्यांच्या कानावर घालाच: हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, कारण दोन्ही असतील तर सीचा उपचार चालू असताना बी उसळू शकतो, चालू असलेली सगळी औषधं, विशेषतः हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन आणि पित्ताच्या गोळ्या, आणि गरोदर आहात का, कारण तेव्हा उपचार सहसा बाळंतपणानंतर करतात.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आली की आजार बरा झाला. तो कागद जन्मभर जपून ठेवा. अँटिबॉडी पॉझिटिव्हच दिसत राहील, आणि आखाती देशातल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा पुढच्या रुग्णालयात कुणी नुसती अँटिबॉडी बघून प्रश्न विचारला तर उत्तर त्या कागदावर आहे. हेही ध्यानात असू द्या की एकदा बरं झाल्याने संरक्षण मिळत नाही. पुन्हा सुई टोचली तर पुन्हा लागण होऊ शकते, आणि तेव्हा अँटिबॉडी टेस्ट निरुपयोगी असते. आरएनएच करावी लागते.

सुई कुणाची हे माहीतच नाही तेव्हा

लाल पिशवीत चुकून टाकलेली सुई, चादरीच्या घडीत राहिलेली सुई, सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात घरच्या इन्सुलिनची सुई. अशी सुई किती जुनी आहे हेही कळत नाही. प्रयोगशाळेत सिरिंजच्या पोकळीत उरलेल्या रक्तात हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचं दिसलं आहे, म्हणून ‘वाळलेली होती’ एवढ्यावर सोडू नका. पेशंट पॉझिटिव्ह आहे असं धरूनच वरच्या तिन्ही तपासण्या करायच्या. धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर तेही घ्या.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांना विनंती: वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करा, वर ‘सुया’ असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हातात वेगळा द्या.

कंत्राटी कामगारांची अडचण शेवटी राहते ती अशी की कंत्राट सहा महिन्यांच्या आतच संपतं आणि शेवटची तपासणी हवेत राहते. काम सोडताना तीन कागद सोबत न्या: घटनेच्या नोंदीची प्रत, पहिल्या दिवसाचा रिपोर्ट आणि आरएनएचा रिपोर्ट. नव्या गावात जिल्हा रुग्णालयात हे तीन कागद दाखवून टोचल्याची तारीख सांगा आणि अँटिबॉडी टेस्ट मागा. मुकादम किंवा पर्यवेक्षक हे वाचत असतील तर त्यांनी कामगार जाण्याआधी या प्रती काढून द्याव्यात आणि त्यावर शेवटच्या तपासणीची तारीख स्वतःच्या हाताने लिहावी.